मुलं येतात, पण टिकत नाहीत

प्रश्न: आमचा हँडबॉलचा क्लब लहानसा आहे. मोठ्यांचा संघ बरा खेळतो, पण बहुतेक जण तिशीपुढचे. मागून कुणी येत नाही, म्हणून या वर्षी ८ ते १३ वयाच्या मुलांचा वर्ग सुरू केला. शाळेत प्रात्यक्षिक दाखवलं, पत्रकं वाटली. पहिल्या दिवशी २२ मुलं आली. दोन महिन्यांनी ७ उरली आहेत, त्यांत मुलगी एकच. आठवड्यातून एकदा दीड तास हॉल मिळतो. आधी धावणं, मग जोडीने पास, मग रांगेत शॉट आणि शेवटी पंधरा मिनिटं मॅच, असा शिस्तीत सराव घेतो. दोन गोल आहेत आणि मोठ्यांनी वापरून सोडलेले सहा चेंडू. जवळपास दुसरा क्लब नाही. आमचे सीनियर म्हणतात, आजकालच्या मुलांना मोबाइल सोडून काही नको. आणखी जाहिरात करावी का? फी कमी करावी का?
एक प्रशिक्षक

उत्तर:

जाहिरात नको, निदान आत्ता तरी. पत्रकं वाटून २२ मुलं हॉलमध्ये आली, म्हणजे पत्रकांनी आपलं काम चोख केलं. मोबाइलचं म्हणाल तर तो घरी ठेवूनच ती आली होती. गळती हॉलच्या आत आहे. ती न बुजवता पुन्हा पत्रकं छापलीत तर पुढच्या वेळी १२ येतील, कारण तोवर शाळेत 'तिथे नुसतं पळवतात' हे पसरलेलं असेल.

तुमच्या दीड तासाचा हिशेब एकदा मुलाच्या बाजूने मांडून बघा. तुम्ही लिहिता, जोडीने पास. चेंडू सहा, मुलं २२. सहा चेंडूंत सहा जोड्या होतात, म्हणजे १२ मुलं. उरलेली १० बघत उभी. मग शॉट. दोन्ही गोल वापरलेत असं धरू, म्हणजे ११-११ च्या दोन रांगा. एक शॉट, बाजूला होणं, पुढच्याने सुरुवात करणं, यात आठेक सेकंद जातात. एकाची पाळी दीड मिनिटाने येते आणि वीस मिनिटांत वाट्याला जेमतेम १३ शॉट येतात. शेवटी मॅच: सात विरुद्ध सात खेळवलेत तरी १४ आत, ८ बाहेर, आणि आतल्या १४ पैकी तिघं-चौघं चपळ मुलं चेंडू सोडत नाहीत. एखादं मूल दीड तासात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चेंडू हातात न घेता घरी जातं. 'कसं झालं?' असं घरी विचारल्यावर ते काय सांगणार?

हँडबॉल हा शिकायला सोपा खेळ आहे. पळणं, झेलणं आणि फेकणं मुलांना येतच असतं. त्यामुळे इतर खेळांत आधी तंत्र आणि मग खेळ असा क्रम चालत असेल, तर इथे तो उलटा करता येतो. अट एकच, खेळ मुलांच्या मापाचा हवा.

सुरुवात चेंडूपासून करा, कारण निम्मी मुलं तिथेच हरतात. अधिकृत नियमांतच वयानुसार मापं दिलेली आहेत. ३ नंबरचा चेंडू ५८ ते ६० सेंमी घेराचा आणि ४२५ ते ४७५ ग्रॅमचा. तो पुरुषांचा आणि १६ वर्षांवरच्या मुलग्यांचा. २ नंबरचा ५४ ते ५६ सेंमी, ३२५ ते ३७५ ग्रॅम. तो स्त्रियांचा, १४ वरच्या मुलींचा आणि १२ ते १६ च्या मुलग्यांचा. ८ ते १२ चे मुलगे आणि ८ ते १४ च्या मुली यांच्यासाठी १ नंबर: ५० ते ५२ सेंमी, २९० ते ३३० ग्रॅम. त्याहून लहान, साधारण ४६ ते ४८ सेंमी घेराचा मऊ चेंडूही मिळतो. आठ-नऊ वर्षांच्या नवख्या मुलांच्या हातात पहिले तीन-चार आठवडे तोच द्या.

माप बरोबर आहे का हे बघायची रीत सोपी आहे. मुलाने हात पुढे करायचा, तळवा जमिनीकडे, आणि चेंडू वरून एका हाताने पकडून पाच सेकंद धरायचा. सुटला तर चेंडू त्याला मोठा आहे. मुठीत न मावणारा चेंडू मूल तळव्यावर ठेवून खांद्यापासून ढकलतं. कोपर खाली पडतं, मनगट कामच करत नाही, चेंडू चार मीटरवर टप्पा खातो आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो. प्रशिक्षक मात्र 'कोपर वर, कोपर वर' ओरडत राहतो. बोटं चेंडूला पुरत नाहीत तोवर कोपर वर जाणार नाही, कितीही ओरडलं तरी.

मोठ्यांनी सोडून दिलेल्या चेंडूंची तर आणखी एक अडचण आहे. त्यांची साल झिजून गुळगुळीत झालेली असते, त्यामुळे मोठ्या माणसाच्याही हातून ते निसटतात. वर पकड यावी म्हणून लावलेला जुना चिकट रेझिन धूळ धरून बसलेला असेल तर विचारायलाच नको. हे सहा चेंडू बाजूला काढा. नवे घेताना हिशेब दोन मुलांमागे एक, म्हणजे २२ मुलांना किमान ११. पैसे कमी असतील तर गोल, जर्सी, खुणेचे प्लॅस्टिकचे कोन यांच्या आधी चेंडू घ्या. हवा ठासून भरू नका. अंगठा दाबल्यावर किंचित आत जाईल इतकी पुरे. असा चेंडू पकडायला सोपा जातो आणि बोटावर बसला तरी कमी लागतो. मुलांच्या वर्गात रेझिन अजिबात नको. हॉलवाले चिडतात हा भाग वेगळा, पण चिकट चेंडूवर शिकलेलं मूल कोरडा चेंडू नीट धरायला शिकत नाही.

आता गोल. तो ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असतो. १३० सेंमी उंचीचं मूल त्यात उभं राहिलं तर हात वर करूनही त्याची बोटं पावणेदोन मीटरपर्यंत पोचत नाहीत. बाकीच्यांना हे पाच मिनिटांत कळतं आणि सगळे डोक्यावरून चेंडू टाकायला लागतात. गोलकीपर होणाऱ्याची शोभा होते, आणि मारणारेही काही शिकत नाहीत. वरच्या दांड्यापासून खाली ४० सेंमी रुंदीची जाड कापडी पट्टी आडवी ताणून बांधा. गोल १ मीटर ६० सेंमीचा झाला. दोन्ही खांबांना वर आणि खाली अशा चार गाठी मारा, नाहीतर चेंडू लागला की पट्टी वर उडते आणि 'गोल झाला, नाही झाला' हे भांडण सुरू होतं. आणि पट्टीच्याही आधी एक काम: गोल जमिनीला किंवा भिंतीला पक्का जखडलेला आहे का ते बघा. मोकळा गोल पुढे उलटणं हा या खेळातला जीवघेणा धोका आहे. मुलं दांड्याला लोंबकळतात, आणि लोंबकळू नका म्हटलं की जास्त लोंबकळतात. दर सरावाआधी हाताने जोरात ओढून बघायचं, हे एका माणसाचं ठरलेलं काम असू द्या.

मैदान ४० बाय २० मीटरचं. त्यावर आडवी तीन छोटी मैदानं बसतात, प्रत्येक २० मीटर लांब आणि साधारण १३ मीटर रुंद. मिनी हँडबॉल जगभर याच बेताने खेळतात: एका बाजूला चार खेळाडू आणि एक गोलकीपर, छोटा गोल, आणि डी, म्हणजे गोलसमोरची फक्त गोलकीपरची जागा, ६ ऐवजी साधारण ५ मीटरची. दोन मैदानं लावलीत की २० मुलं एकाच वेळी खेळात असतात. उरलेल्या दोघांना दर तीन मिनिटांनी आत घ्यायचं. तुमच्याकडे गोल दोनच आहेत, ते एका मैदानाला जातील, तेही नव्या जागी पक्के बसवता आले तरच. दुसऱ्या मैदानाला प्लॅस्टिकचे हलके खांब आणि मधे १ मीटर ६० वर ताणलेली रंगीत पट्टी चालेल. रुंदी २ मीटर ४० ठेवा. डी मात्र खडूने किंवा टेपने नीट आखा. 'इथून तिथपर्यंत समजा' असं म्हटलेली डी मुलं मानत नाहीत, आणि डी न मानता खेळलं की सगळे गोलकीपरच्या अंगावर जातात.

नियम सांगत बसू नका. पहिल्या महिन्यात शिट्टी दोनच गोष्टींना वाजवा: डीत पाय पडला, आणि ढकललं किंवा ओढलं. तीन पावलांचा नियम (चेंडू हातात धरून तीनपेक्षा जास्त पावलं टाकायची नाहीत) दुसऱ्या आठवड्यात आणा, तोही खेळातून: जमिनीवर तीन कड्या ठेवा, तीन कड्या तीन पावलं, तिसऱ्यातून उडी आणि शॉट. उजव्या हाताने मारणाऱ्याला डावा-उजवा-डावा हे तोंडाने सांगावं लागत नाही, कड्या थोड्या तिरक्या मांडल्या की पाय आपोआप तसे पडतात. तीन सेकंदांपेक्षा जास्त चेंडू धरून ठेवायचा नाही, हा नियम सगळ्यात शेवटी.

ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पळणं, सुरुवातीला बंदच ठेवा. हे ऐकायला कडक वाटेल, पण ड्रिबल मोकळा ठेवला की सगळ्यात चपळ मूल एका टोकाला चेंडू घेतं आणि दुसऱ्या टोकाला गोल करतं. उरलेले त्याच्या मागे धावतात. ड्रिबल बंद केल्याबरोबर त्याला पास द्यावा लागतो, आणि पास हवा म्हणून बाकीचे मोकळ्या जागेत पळायला लागतात. महिन्याभराने एक टप्पा, मग नेहमीचा नियम. शिवाय मऊ चेंडू नीट टप्पा खात नाही, ती अडचणही यात आपोआप सुटते.

बचाव एकास एक. प्रत्येकाने आपला माणूस धरायचा, संपूर्ण मैदानभर. सहा जणांची डीभोवती भिंत उभी करायचा मोह होईल, कारण ती लहान वयात हमखास जिंकून देते: दहा वर्षांच्या मुलाला ९ मीटरवरून भिंतीपलीकडे मारताच येत नाही. पण त्यात बचाव करणारे उभे राहतात, हल्ला करणारे बाहेर पास फिरवत राहतात आणि सगळ्यांना कंटाळा येतो. जर्मनीत सगळ्यात लहान गटांना एकास एकच खेळवतात. तिथे मैदानाच्या एका अर्ध्यात ३ विरुद्ध ३ आणि दुसऱ्या अर्ध्यात वेगळे ३ विरुद्ध ३ अशीही पद्धत आहे, म्हणजे कुणाला भिंत बांधताच येऊ नये.

गुण मोजायची एक पद्धत जरूर वापरून बघा: संघाचे एकूण गोल गुणिले गोल करणाऱ्या खेळाडूंची संख्या. एका संघाने आठ गोल केले, पण सगळे एकाच मुलाने, तर ८ गुणिले १, म्हणजे ८. दुसऱ्याने चारच केले, पण तिघांनी मिळून, तर १२. मुलांना हे गणित लगेच कळतं आणि ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्याला पास यायला लागतात. मात्र ही पद्धत रोज नको. 'तुझाच गोल बाकी आहे, मार की' असा ताण लाजऱ्या मुलावर येतो. सरावातल्या दोन मॅचपैकी एक अशी, एक साधी, एवढं बास.

गोलकीपरचा विषय बहुतेक क्लब उरकून टाकतात. उंच किंवा जाडसर मुलाला उभं करतात आणि तो दोन आठवड्यांत येणं बंद करतो. तुमच्या गळतीतले दोन-तीन तरी असेच गेले असतील. तीन मिनिटांनी गोलकीपर बदला, सगळ्यांची पाळी येऊ द्या, पण ज्याला खरंच भीती वाटते त्याला सोडा. सुरुवातीचे आठवडे मऊ चेंडूच. आणि तुमच्या हॉलचा एक नियम करा: गोलकीपरच्या खांद्यावरून गेलेला शॉट मोजायचा नाही. मोठ्यांच्या नियमांतही, समोर कुणी आडवं नसताना मारलेला चेंडू गोलकीपरच्या डोक्याला लागला तर मारणाऱ्याला २ मिनिटं बाहेर बसवतात, हे मुलांना सांगा. त्यांना ते पटतं. उभं राहायला शिकवायचं तर दोनच गोष्टी: हात खांद्याच्या उंचीवर थोडे पुढे, कोपरं किंचित वाकलेली, आणि चेंडू आला की मागे न सरकता पाऊलभर पुढे. हे शिकताना पहिले दहा चेंडू प्रशिक्षकाने स्वतः, हळू आणि सांगून फेकावेत: 'उजवीकडे वर', 'डावीकडे खाली'. भीती अचानक येणाऱ्या चेंडूची असते. चेंडू कुठे येणार हे माहीत असलं की डोळे मिटत नाहीत. डोळे उघडे राहायला लागले की सांगणं बंद करा.

आता वेळ. नव्या मुलांना दीड तास जास्त आहे, एक तास घ्या. उरलेला अर्धा तास लागेल, तो कशाला ते पुढे येतंच. मूल दारातून आत आल्यापासून पाच मिनिटांत त्याने गोलवर एक चेंडू मारलेला असला पाहिजे. बाकी सगळं यामागून. पहिली दहा मिनिटं चेंडूसह शिवाशिवी: दोघं-तिघं पकडणारे, चेंडू हातात धरून त्यानेच हलकेच शिवायचं, फेकायचं नाही. यात धावणं, दिशा बदलणं, अंग गरम होणं सगळं येतं. मैदानाला चकरा कशाला हव्यात? पुढची दहा मिनिटं फेकणं. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला दोन चेंडू आणि एक निशाणी: भिंतीवरचा टेपचा चौकोन, बाकावरचा कोन, काहीही. अंतर ४ मीटरपासून सुरू, लागलं की एक पाऊल मागे. या वेळात प्रत्येक मुलाला एकच सूचना द्या, दोन नाही. बहुतेकांना लागते ती पहिली: उजव्या हाताने फेकतोस तर डावा पाय पुढे. दुसरी, कोपर खांद्याच्या उंचीला, पुढच्या आठवड्यात. मग अर्धा तास मॅच, आठ-आठ मिनिटांच्या तीन, मधे पाणी. शेवटची दहा मिनिटं मुलं मागतील ते, आणि ती नेहमी सात मीटरचे पेनल्टीच मागतात. मुलं लहान असतील तर पाच मीटरवरून घ्या.

हे सगळं एकट्याने होत नाही. दोन मैदानांवर दोन माणसं आणि तिसरा दाराशी, एवढी माणसं लागतील. दाराशी उभ्या माणसाचं काम बिनमहत्त्वाचं वाटतं, पण पहिल्यांदा येणारं मूल आई किंवा बाबांच्या मागे उभं असतं, आत सगळे एकमेकांना ओळखतात आणि त्याला कुणी ओळखत नाही. त्याचं नाव विचारायचं, त्याच्याच वयाच्या एका मुलाला हाक मारून दोघांच्या हातात एक चेंडू द्यायचा. पालकाला वेळ, संपायची वेळ आणि फोन नंबर सांगायचा. दोन मोठी माणसं कायम हॉलमध्ये असली पाहिजेत, एकच मोठा माणूस आणि मुलं असं कधीही नको. मुलांचे फोटो-व्हिडिओ पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठे टाकू नका.

माणसं आणायची कुठून? तेच सीनियर, जे मोबाइलला दोष देतात. दर आठवड्याला दोघांची पाळी लावा. त्यांना शिकवायला सांगू नका, चांगल्या खेळाडूला दहा वर्षांच्या मुलापुढे उडी मारून दाखवण्याचा मोह आवरत नाही. शिट्टी द्या आणि एक छोटं मैदान सांभाळायला सांगा. आणि तो उरलेला अर्धा तास त्यांच्या सरावाला जोडा. हॉलची वेळ मुलांनी खाल्ली, ही कुरकुर निम्मी तिथेच मिटेल.

बचावात अंगाला अंग लागतं, त्याबद्दल पालक विचारतील. टीव्हीवर त्यांनी मोठ्यांचा सामना पाहिलेला असतो. खरं तेच सांगा: समोरून, हात वाकवून, छातीशी अडवणं नियमात बसतं; मागून धरणं, उडीत असताना ढकलणं, फेकणारा हात खेचणं बसत नाही. मुलांना हे चालत्या वेगाने शिकवा: एक जण चालत येतो, दुसरा दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांच्या खाली टेकवून दोन पावलं मागे सरकत त्याला थांबवतो. पंधरा वर्षांखालच्या गटात हे शिकवायला कुणी वेळच देत नाही, म्हणून मुलं मिठी मारतात नाहीतर अंग चोरतात.

आता शाळा. एका दिवसाचं प्रात्यक्षिक म्हणजे जत्रा, मुलं खूश होतात आणि विसरतात. त्याऐवजी एकाच वर्गाचे सलग चार आठवडे खेळाचे तास मागून घ्या, आणि क्लबचे आठ-दहा मऊ चेंडू तेवढा काळ शाळेतच ठेवा. खेळाच्या शिक्षकांना मिनी हँडबॉल घेता आला पाहिजे. ते तुमच्या गैरहजेरीत खेळवतील, तो तुमचा खरा फायदा. चौथ्या तासाला चिठ्ठी द्या. तीवर क्लबची थोरवी नको. तारीख, वेळ, काय घालायचं, पाण्याची बाटली आणायची आणि दाराशी कोण भेटेल त्याचं नाव, एवढंच. ती तारीख चौथ्या तासापासून सात दिवसांच्या आत हवी. दोन आठवड्यांनंतरची चिठ्ठी दप्तरातच राहते. त्या चार तासांत डावखुऱ्या मुलांवर लक्ष ठेवा. उजव्या विंगला (मैदानाच्या उजव्या कडेची जागा) आणि उजव्या बॅकला (तिच्या आतली, थोडी मागची जागा) डावखुऱ्याला गोलचा कोन जास्त उघडा मिळतो आणि असे खेळाडू प्रत्येक संघाला कमी पडतात. पण हे त्या मुलाला लगेच सांगू नका, नाहीतर तो आयुष्यभर एकाच जागी अडकतो.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. सहा मुलग्यांत एक मुलगी असेल तर तीही जाईल, आणि दोष तिचा नसेल. नवी मुलगी एकेकटी बोलावू नका. चार-पाच जणी एका वेळी आणा, मैत्रिणींच्या जोड्या करून. हॉलमध्ये एक स्त्री प्रशिक्षक किंवा सीनियर खेळाडू असू द्या. कपडे बदलायची बंद होणारी खोली आहे का? नसेल तर तयार होऊनच या असं चिठ्ठीत लिहा. जर्सी-शॉर्ट्स काय घालायचं हे त्यांना विचारा. लांब पँट आणि पूर्ण बाह्या घालून सराव करायला काहीच हरकत नाही. आणि एक चूक नेहमी होते: १३ वर्षांच्या मुलींना मुलग्यांच्या २ नंबरच्या चेंडूने खेळवतात. १४ पर्यंत त्यांचा चेंडू १ नंबरचाच आहे.

तेराच्या पुढची मुलं मागतात ते निराळं: त्यांना मित्र, सामने आणि काहीतरी जबाबदारी हवी असते. त्यांना लहानांच्या मॅचला शिट्टी द्या, गुण लिहायला द्या. बाहेर वाळू किंवा नुसतं गवत मिळत असेल तर बीच हँडबॉल लावा: मैदान २७ बाय १२ मीटर, एका बाजूला गोलकीपर धरून चार जण, दहा-दहा मिनिटांचे दोन सेट, आणि हवेत पूर्ण गिरकी घेऊन केलेल्या गोलला दोन गुण. अंगाला अंग लावणं जवळपास नाहीच. २०१८ च्या ब्यूनस आयर्स युवा ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार होता. गिरकीचा गोल पहिल्या दिवशी कुणाला जमत नाही आणि सगळे तासभर तेच करतात.

या वयात गुडघा आणि घोटा सांभाळा. नॉर्वेत १२० क्लबांतल्या १५ ते १७ वयाच्या हँडबॉलपटूंवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १५-२० मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप करणाऱ्या क्लबांत गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती सुमारे निम्म्याच झाल्या. त्यात होतं काय? दिशा बदलत धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडीनंतर गुडघे वाकवून उतरणं आणि मांड्यांची ताकद. उतरताना गुडघा आत वळतो का ते समोर उभं राहून बघा. वळत असेल तर त्याला उडी कमी उंच मारायला लावा आणि दोन्ही पायांवर उतरायला सांगा.

दुसरा क्लब नाही म्हणून सामने नाहीत, असं कारण पुढे येईल. सहा आठवड्यांतून एकदा घरच्या घरी मेळावा करा, त्या दिवशी प्रत्येकाने एक मित्र आणायचा. चार संघ, दोन मैदानं, सगळे सगळ्यांशी: एकूण सहा सामने, एका वेळी दोन, म्हणजे तीन फेऱ्या. फेरी १२ मिनिटांची आणि मधे ३ मिनिटं धरली तर पाऊण तासात उरकतं. संघ तुम्ही करा, मुलांना करू देऊ नका. पाहुणी मुलं प्रत्येक संघात सारखी वाटा. तक्ता लावू नका, बक्षीस नको.

फी कमी केली म्हणून कुणी टिकत नाही. पहिले चार सराव मोफत ठेवा, पाचव्या सरावाला नेहमीची फी सांगा. हा चार आकडा तुमच्या वहीतही लिहा. किती मुलं आली हे मोजण्याऐवजी चौथ्यांदा किती आली ते मोजा. दर मुलामागे एक ओळ, दर सरावाला एक खूण. सलग दोन खुणा चुकल्या की त्याच आठवड्यात घरी फोन. 'का येत नाही?' असं विचारू नका. पालक अभ्यासाचं कारण सांगतील आणि विषय संपेल. फोन मुलाला द्यायला सांगा आणि विचारा, मागच्या वेळी कोणाच्या संघात होतास, कुणी पास देत होतं का. उत्तरात नाव येईल किंवा येणार नाही, आणि त्यावरून पुढच्या सरावाला त्याला कोणाबरोबर ठेवायचं ते कळेल. गेलेल्या १५ जणांपासूनच सुरू करा, पण आधी चेंडू येऊ द्या. परत आलेल्या मुलाच्या हातात तोच जुना गुळगुळीत चेंडू पडला तर तिसऱ्यांदा तो येणार नाही.